‘आता लढू का, डॉक्टर?’

पाऊस लागला की जत्रांची मैदानं थंडावतात आणि माझ्या टेबलावरचा पत्रांचा ढीग वाढायला लागतो. हंगामभर अंगावर काढलेलं दुखणं पैलवानाला आषाढात आठवतं. पत्रं निरनिराळ्या तालमींतून येतात. प्रश्न मात्र गेल्या वर्षीचेच, कधीकधी शब्दसुद्धा तेच. म्हणून या वेळी नेहमीच्या प्रश्नांना एकत्र उत्तरं देतोय. पत्रावरून मला गुडघा हलवून बघता येत नाही, एवढं ध्यानात ठेवून वाचा.

प्रश्न : सरावात खांदा निखळला, बसवून घेतला. तीन आठवडे हात गळ्यात होता. आता बैठका मारल्या तर चालतील का?

बैठका चालतील, जोर आणि सपाट्या नाहीत. जोर कधी सुरू करायचे ते ज्यांनी खांदा बसवला त्यांना विचारा. आणि एक्स-रे न काढता तालमीतच कुणी बसवला असेल, तर आधी अस्थिरोगतज्ज्ञाकडे जा, बैठकासुद्धा मग.

प्रश्न : डॉक्टर, माझा मुलगा कोल्हापूरला तालमीत असतो. पायाच्या शस्त्रक्रियेमुळे दोन महिने घरी आहे. खुराक मात्र तोच : दोन लिटर म्हशीचं दूध, बदामाची थंडाई, तूप. नऊ किलो वजन वाढलं. कमी कर म्हटलं की म्हणतो, ताकद जाईल. काय करू?

ताई, खुराक हा मेहनतीची भरपाई असतो. मेहनत बंद आणि भरपाई चालू, असा हा प्रकार आहे. हिशोब करू. म्हशीच्या दुधात लिटरला हजाराच्या आसपास कॅलरी, म्हणजे दोन हजार इथंच झाल्या. दीडशे ग्रॅम बदाम धरले तर साडेआठशेच्या वर. शंभर ग्रॅम तूप म्हणजे आणखी नऊशे. भाकरी-कालवणाला हात लागायच्या आधीच पोरगं साडेतीन हजारांच्या पुढं गेलं. पहाटे उठून हजार बैठका मारणाऱ्याला हे जिरतं, पलंगावर पडलेल्याला नाही. दिवसाला हजारभर कॅलरी उरल्या तरी आठवड्याला जवळपास किलोभर चरबी चढते. तुमचे नऊ किलो या हिशोबात चपखल बसतात.

गंमत अशी की एवढं रिचवूनही प्रथिनं बेताचीच मिळतात. तुपात प्रथिनं नसतातच, आणि वरच्या दूध-बदामातून मिळतात शंभरेक ग्रॅम. शस्त्रक्रियेनंतर स्नायू टिकवायला वजनाच्या किलोमागं दीड ते दोन ग्रॅम लागतात; नव्वद किलोच्या मुलाला १३५ ते १८०. तेव्हा तूप चमचाभरावर आणा, बदाम मूठभर, दूध एक लिटर. अंडी, मटण, डाळ, उसळी मात्र कमी करू नका. उपास तर मुळीच नको, जखम भरायची आहे. आता कुणीतरी तुम्हाला वजन वाढवायच्या पावडरीचा मोठा डबा घ्यायला सांगेल. असल्या कित्येक डब्यांमध्ये निम्म्याहून जास्त पिठूळ साखर असते. ते पैसे अंड्यांवर घाला. मूत्रपिंडाच्या आणि युरिक ॲसिडच्या तपासण्या करून घ्या आणि एकदा क्रीडा आहारतज्ज्ञाला भेटा.

प्रश्न : कान फुगलाय, आत पाणी भरल्यासारखं लागतं. दोन दिवस झाले. तालमीत म्हणतात, कान मोडल्याशिवाय पैलवान ओळखू येत नाही.

ओळखायला आधारकार्ड असतं. आजच कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा. कानाची कूर्चा तिच्यावरच्या पातळ आवरणातून पोसली जाते. मध्ये रक्त साचलं की तिची उपासमार होते, आठवडाभरात तिथं गाठ धरते आणि मग कान कायमचा तसाच राहतो. पहिल्या काही दिवसांत रक्त काढून वरून दाबपट्टी शिवली तर कान वाचतो. तालमीतल्या कुणाकडून सुईनं टोचून घेऊ नका. आत पू झाला तर कूर्चा विरघळते.

प्रश्न : वय २२. जानेवारीत गुडघ्यातल्या एसीएल या लिगामेंटची, म्हणजे अस्थिबंधाची, दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली. आता सहा महिने होतील. नागपंचमीच्या मैदानात जोड ठरली आहे, इनाम चांगलं आहे. गुडघा अजिबात दुखत नाही. फिजिओ नऊ महिने म्हणतात, तालमीतले म्हणतात सहा बास. लढताना दुखलंच तर आधी एखादं इंजेक्शन घेऊन उतरता येईल का?

नाही.

खरं तर उत्तर इथं संपलं. पण हे पत्र मला दरवर्षी येतं, फक्त गावाचं नाव बदलतं, म्हणून आज सविस्तर बोलतो. आणि पैलवान, इथून पुढं तुला ‘तू’ म्हणतो. माझ्या धाकट्या मुलाच्या वयाचा आहेस.

‘दुखत नाही’ हाच या शस्त्रक्रियेतला सापळा आहे. तुझं तुटलेलं लिगामेंट कुणी शिवलेलं नाही. मांडीमागचा किंवा गुडघ्याच्या वाटीखालचा स्नायूबंधाचा पट्टा काढून तो हाडात बोगदे पाडून बसवला आहे. बसवतात तेव्हा तो मजबूत असतो. पुढच्या आठवड्यांत त्यातल्या जुन्या पेशी मरतात, नव्या रक्तवाहिन्या शिरतात, आणि या बांधकामाच्या काळात तो पहिल्या दिवसापेक्षा कच्चा असतो. पुरता पिकायला वर्ष लागतं, कधी त्याहून जास्त. दुखणं मात्र तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच थांबतं, कारण दुखत होती ती जखम आणि सूज. पट्टा पिकला की नाही याचा त्या दुखण्याशी संबंध नाही.

ऑस्लोच्या संशोधकांनी अशा रुग्णांचा दोन वर्षं पाठपुरावा करून २०१६ साली निष्कर्ष मांडले. खेळात परतणं नऊ महिन्यांपर्यंत जितकं लांबवलं, तितकी गुडघ्याची नवी दुखापत कमी. लांबवलेल्या प्रत्येक महिन्यामागं धोका जवळपास निम्म्यानं उतरत गेला. नऊ महिने हा फिजिओच्या लहरीचा आकडा नाही. आणि पंचविशीच्या आतले खेळाडू खेळात परतले की साधारण चारांतल्या एकाचं एसीएल पुन्हा तुटतं, याच नाही तर दुसऱ्या पायाचं. तू त्याच वयात आहेस.

आता कुस्तीत काय होतं ते तुला मी सांगायला नको. समोरचा एकेरी पट काढतो, तुझा दुसरा पाय मातीत रुतलेला असतो आणि धड फिरतं. ढाक लावताना सगळा भार एका पायावर गोल फिरतो. कलाजंगला तर शंभर किलोचा गडी खांद्यावर घेऊन वाकल्या गुडघ्यातून उठायचं असतं. धावपटूचा गुडघा सरळ रेषेत चालतो, पैलवानाचा पिळला जातो. सहा महिन्यांत पळायला लागलेल्या क्रिकेटपटूचं उदाहरण मला देऊ नकोस.

इंजेक्शनाबद्दल. गुडघ्यात देतात ते बहुतेक वेळा स्टेरॉइड असतं. त्यानं दुखणं दबतं, म्हणजे धोक्याची घंटा काढून टाकल्यासारखं. शिवाय १ जानेवारी २०२२ पासून या औषधाचं कुठलंही इंजेक्शन स्पर्धेच्या काळात उत्तेजकांच्या बंदीयादीत आहे. सांध्यात दिलेलं ट्रायअ‍ॅमसिनोलोन तर शरीरातून जायला किमान दहा दिवस धरतात. दुसरा प्रकार पीआरपीचा, म्हणजे तुझंच रक्त फिरवून त्यातला भाग गुडघ्यात सोडतात. त्यावर बंदी नाही, पण ‘तीन इंजेक्शनांत लिगामेंट पूर्ववत’ अशी पाटी दिसली की त्या दारातून मागं फिर. तुटलेलं एसीएल असं जुळत नाही.

मग कधी उतरायचं? महिने मोजणं ही निम्मी परीक्षा. मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद यंत्रावर मोजून घे. चांगल्या पायाच्या तुलनेत नव्वद टक्के तरी हवी. एका पायावरच्या उड्यांची चाचणी असते, तीही दोन्ही बाजूंनी मिळतीजुळती हवी. मग आधी एकट्यानं डावांची हालचाल, नंतर ऐकणाऱ्या जोडीदाराबरोबर ठरलेले डाव, नंतर खडाखडी, शेवटी निकाली कुस्ती. कुठल्याही पायरीवर गुडघ्यात पाणी भरलं तर एक पायरी खाली. हे सगळं तुझ्या सर्जनच्या आणि फिजिओच्या सहीनं व्हायला हवं, माझ्या या पानावरून नाही.

खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक मिळवलं. पुढच्या ऑलिंपिकआधी त्यांचा गुडघा गेला आणि कुस्ती थांबली. त्या काळी दुर्बीण नव्हती, एमआरआय नव्हता, फिजिओ नव्हता. तुझ्याकडं हे सगळं आहे आणि तीन महिने नाहीत?

जोड मोडली तर नाव खराब होईल, असं तू पत्राच्या शेवटी लिहिलंयस. मैदानाच्या कमिटीला दुसरा मल्ल दोन दिवसांत मिळतो. आजच फोन कर, म्हणजे त्यांचीही पत्रकं छापायची थांबतील.

प्रश्न : जांघेत आणि मानेवर नायटा आहे. औषधाच्या दुकानातून ट्यूब आणली की चार दिवसांत जातो, पुन्हा येतो. आखाड्याच्या मातीत हळद, ताक, तेल असतं, त्यामुळं मातीत लोळल्यावर बरा होतो म्हणतात.

माती रोज तुडवणाऱ्यालाच नायटा झालाय, एवढ्यावरून उत्तर कळायला हवं. त्या ट्यूबमध्ये बहुधा बुरशीच्या औषधासोबत क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन आहे. हे स्टेरॉइड खाज आणि लाली दाबतं, बुरशी खाली पसरत राहते, चट्ट्याचा आकार बदलतो आणि नंतर आम्हालाही ओळखणं जड जातं. २०१८ पासून त्वचेवर लावायची स्टेरॉइडं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम आहे. तरी ती गोळ्या-बिस्किटांसारखी विकली जातात, आणि विकणाऱ्याला तुम्ही दर महिन्याला परत येणं परवडतं. ट्यूब बंद करा, त्वचारोगतज्ज्ञाकडे जा, डाग दिसेनासा झाल्यावरही सांगतील तितके आठवडे औषध घ्या. लंगोट आणि टॉवेल कुणाशी वाटू नका, गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवा. पावसाळ्यात इस्त्री फिरवा.

प्रश्न : सुट्टीत घरचे लग्न उरकायचं म्हणतात. लग्नानंतर पैलवानाची ताकद उतरते हे खरं का?

नाही.

प्रश्न : गावातल्या जिममधला एक जण छोट्या बाटलीतलं ताकदीचं इंजेक्शन देतो. म्हणतो, विश्रांतीतून परत येताना घेतलं की दम लागत नाही.

ते बहुतेक मेफेन्टरमीन असावं. भूल दिलेल्या रुग्णाचा रक्तदाब घसरला तर तो वर आणायला आम्ही ते ऑपरेशन थिएटरमध्ये, मॉनिटर लावून वापरतो. तरण्याताठ्या माणसाला टोचलं की हृदय सैरभैर धावतं, रक्तदाब चढतो, दम लागल्याचं कळत नाही म्हणून माणूस मर्यादा ओलांडतो. सवय लागते, ती वेगळीच. उत्तेजकांच्या यादीत नाव आहे, आणि एकच सुई चौघांत फिरली तर कावीळ आणि एचआयव्हीही आले. आधीच घेत असाल तर लाजू नका, पण लपवूही नका. फिजिशियनला खरं सांगा आणि ईसीजी काढा. देणाऱ्याचं नाव मला नको, अन्न व औषध प्रशासनाला कळवा.

प्रश्न : शस्त्रक्रियेमुळं वर्षभर खेळणार नाही. तरी नाडाचे, म्हणजे राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेचे, लोक नमुना घ्यायला घरी आले. खेळतच नाही तर नकार देता येतो का?

नाही. नकार दिला तर चार वर्षांपर्यंत बंदी येऊ शकते. चाचणीच्या नोंदणीकृत यादीत नाव असेल तर ठावठिकाण्याची माहितीही भरत राहा. बारा महिन्यांत तीन चुका झाल्या की तोही गुन्हाच. शस्त्रक्रियेची आणि औषधांची सगळी कागदपत्रं जपून ठेवा. दुखण्यावर देतात ते ट्रॅमाडॉल १ जानेवारी २०२४ पासून स्पर्धेच्या काळात बंद आहे, तेव्हा परतण्याआधी डॉक्टरांकडून यादी तपासून घ्या.

प्रश्न : घरी आल्यापासून रात्री दोन-तीनपर्यंत झोप नाही. वाटेत भेटेल तो विचारतो, कधी लढतोस? तालमीकडं जायचीही लाज वाटते.

लाज वाटत असली तरी तालमीत जा. लढायला नाही, लहान पोरांचे पट, मोळी, घिस्सा हे डाव बघायला, त्यांच्या चुका दाखवायला. पहाटेची वेळ पाळा, दुखऱ्या अवयवाला सोडून बाकीच्या अंगाची मेहनत फिजिओला विचारून चालू ठेवा. पैलवानाचा दिवस तालमीनं बांधलेला असतो, तो सुटला की रात्रही सुटते. झोपेसाठी दारू किंवा मागून आणलेली गोळी नको. दोन आठवड्यांत फरक नाही पडला, किंवा जगणं नको वाटलं, तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ. टेली-मानस या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं. सांध्याच्या डॉक्टरकडे जाताना वाटत नाही ती लाज इथं कशाला?

प्रश्न : पाच महिने घरी होतो, वजन ८८ झालं. माझा गट ७९. निवड चाचणी तीन आठवड्यांवर आहे. नऊ किलो उतरवायचा उपाय सांगा.

असा उपाय नाही. जे सांगतील ते प्लास्टिकचा कोट, पाणी बंद, जुलाब आणि लघवीच्या गोळ्या एवढंच सांगतील; त्या गोळ्या बंदीयादीत आहेत आणि रक्तातलं पोटॅशियम ढासळलं की हृदय थांबतं. १९९७ साली अमेरिकेत महिनाभराच्या आसपास तीन कॉलेज पैलवान असंच वजन उतरवताना मेले, त्यानंतर तिथले नियम बदलले. २०२४ ला पॅरिसमध्ये विनेश फोगाटनं रात्रभर घाम गाळला, केससुद्धा कापले, तरी पन्नास किलोच्या वर शंभर ग्रॅम राहिलेच. तिच्या पाठीशी तर सगळं पथक होतं. आठवड्याला अर्धा ते एक किलो धरा, तीन आठवड्यांत दोन किलो उतरतील. अर्जावर ८६ चा गट लिहा, आणि ७९ चं काय करायचं ते पुढच्या वर्षासाठी आहारतज्ज्ञ आणि वस्ताद यांना एकत्र बसवून ठरवा.