‘फुकट’ टोचतं, ‘मोफत’ का टोचत नाही?

तासगावच्या एका ताईंचा प्रश्न: ‘रेशन दुकानात “फुकटवाल्यांनी तिकडं थांबा” असं ऐकलं आणि फार लागलं. “फुकट” आणि “मोफत” एकच ना? “लाभार्थी” म्हटलं तर चालेल का?’

एकच नव्हेत. दोन्हींचा अर्थ विनामूल्य, पण ‘फुकट’चा दुसरा अर्थ ‘वाया’ असाही आहे. ‘दिवस फुकट गेला’ आपण म्हणतो, ‘दिवस मोफत गेला’ कुणी म्हणत नाही. ‘फुकट्या’, ‘फुकटखाऊ’ या शिव्या आहेत, ‘मोफत्या’ अशी शिवी नाही. म्हणून ‘फुकटवाले’ ऐकताना धान्याची किंमत ऐकू येत नाही, माणसाचीच ऐकू येते. अन्नसुरक्षेच्या २०१३च्या कायद्यानं प्राधान्य कुटुंबाला महिन्याला माणशी ५ किलो धान्य हा हक्क दिला आहे. हक्काला ‘फुकट’ हा शब्द लागूच होत नाही.

‘लाभार्थी’ सभ्य आहे, पण मला तो पुरता पटत नाही. विद्येची इच्छा धरणारा तो विद्यार्थी, तसा लाभाची इच्छा धरणारा तो लाभार्थी. मिळाल्यावरही माणूस इच्छुकांच्याच रांगेत उभा राहतो. त्यापेक्षा ‘कार्डधारक’ बरा. त्यात निदान हातात काहीतरी आहे.

खरं तर टोचायला नेहमी ‘फुकट’ लागतोच असं नाही. ‘रेशन घेता आणि हातात एवढा मोबाइल?’ या वाक्यातला ‘आणि’ पाहा. तो दोन गोष्टी जोडत नाही, ‘तरीसुद्धा’चं काम करतो. ‘तुमचं बरंय बाई, महिन्याला दीड हजार!’ यातलं ‘बरंय’ही तसंच. बोलणाऱ्याला वाटतं, आपण काहीच वावगं बोललो नाही. ऐकणारी मात्र पिशवी आवरून निघते.

मागे तालुक्याच्या एका बँकेत श्रावणबाळ योजनेचे पैसे काढायला सत्तरी ओलांडलेल्या एक आजी आल्या होत्या. अंगठा उमटेना. पदराला बोट पुसून त्या पुन्हा पुन्हा यंत्रावर टेकवत होत्या. मागून एक जण म्हणाला, ‘आजी, फुकटचं हाय न्हवं, मग कशाला घाई?’ आजी वळल्या. ‘फुकटचं न्हाय बाबा, पगार हाय माझा. भात्तरच्या दुष्काळात खडी फोडलीय ह्याच हातानं.’

आपल्याकडं श्रावणबाळचा, निराधारचा ‘पगार’ सगळेच म्हणतात. हा शब्द पोर्तुगीजांकडून आला आणि इथं घामाशी जोडला गेला. रोजगार हमीची कल्पना मांडणारे वि. स. पागे याच सांगली जिल्ह्याचे, आणि तिचा पहिला प्रयोग झाला तो तासगाव तालुक्यातल्या विसापुरात. १९७७ साली कायदा झाला तेव्हा त्याच्या नावात ‘दान’ नव्हतं, ‘हमी’ होती.

ताई, दुकानदार ओळखीचे असतील तर त्यांना एवढंच सांगा: ‘कार्डधारकांनी इकडं या’ म्हणा.