दुपारचे तीन वाजतच नाहीत

"ताई, पैशाची काळजी नाही, तब्येत ठणठणीत आहे, मग मला बरं का वाटत नाही?" पन्नाशीत नोकरी सोडलेली माणसं वेगवेगळ्या शब्दांत मला हेच विचारतात. त्यातल्या एकाची हकीकत सांगते. त्यांच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून.

वय चोपन्न. वडोदऱ्यात दांडिया बझारला वडिलोपार्जित घर, शहराबाहेरच्या रासायनिक कारखान्यात तीस वर्षं शिफ्टची नोकरी. स्वेच्छानिवृत्ती घेताना बेत पक्का होता: सकाळी कमाटीबागेत फिरायचं, दुपारी मनसोक्त वाचायचं. पहिले तीन महिने सुट्टीसारखे गेले. मग फिरणं सुटलं. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये सुरू केलेल्या सेंट्रल लायब्ररीतून आणलेली पुस्तकं न उघडताच परत जाऊ लागली. "दुपारचे तीन वाजतच नाहीत," असं ते म्हणाले.

त्यांच्या पत्नीचं दुखणं निराळं होतं. "हे घरी आहेत, चांगलंच आहे हो. पण कुकरच्या शिट्ट्या मोजतात. डबे कसे लावायचे ते सांगतात. तीस वर्षं दुपार माझी होती."

नोकरी एकाची सुटते, दिवस मात्र दोघांचा विस्कटतो. घरच्या बाईला याबद्दल कुणी विचारत नाही, याचं मला नेहमी वाईट वाटतं.

आधी मी झोप, भूक, मन कशात लागतं का, हे नीट विचारून घेतलं. सलग दोन आठवडे मन खिन्न असेल, कशातच रस वाटत नसेल, झोप उडाली असेल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला हवं. इथे तसं नव्हतं. मी त्यांना दिवसाचं वेळापत्रक करायला सांगितलं. त्यांनी केलं, आणि त्यात पत्नीच्या स्वयंपाकाच्याही वेळा लिहिल्या. आठवडाभर घरात अबोला. माझा सल्ला चुकला होता. आपली वाटच कुणी बघत नसेल, तर वेळ पाळायची कुणासाठी?

पुढच्या भेटीत मी त्यांना मारिएंथालची गोष्ट सांगितली. व्हिएन्नाजवळच्या या गावातली कापडगिरणी बंद पडली, तेव्हा समाजमानसशास्त्रज्ञ मारी याहोडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावाचा अभ्यास केला. १९३३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. हातात वेळच वेळ असूनही पुरुषांची चाल मंदावली होती, ते जागोजागी थांबत. वाचनालयाची वर्गणी माफ झाली होती, तरी पुस्तकं नेण्याचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं होतं. बायकांच्या दिवसाला मात्र घरकामाची घडी उरली होती. तिथे बेकारी होती, उपासमार होती. आपल्या मर्जीने घेतलेली निवृत्ती तशी नसते. पण याहोडांनी पुढे जे मांडलं ते इथेही लागू पडतं. पगाराखेरीज काम आपल्याला दिवसाची बांधणी देतं, घराबाहेरची माणसं देतं, ओळख देतं, आणि चारजणांच्या कामात आपलाही हात आहे ही जाणीव देतं.

ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "प्लांटमध्ये रिलिव्हर, म्हणजे पुढच्या शिफ्टचा माणूस, आल्याशिवाय कंट्रोल पॅनल सोडता येत नाही. तीस वर्षं रोज कुणीतरी माझी वाट बघत बसायचं."

त्यानंतर आम्ही छंदांचा विषय सोडूनच दिला. तुमची वाट कोण बघेल, एवढंच शोधू म्हटलं. दोन गल्ल्या पलीकडे त्यांची चुलतबहीण राहते. सासू अंथरुणाला खिळलेली, त्यामुळे बहिणीला बाजारातही जाता येत नसे. आठवड्यातले चार दिवस, तीन ते पाच, म्हातारीपाशी बसायचं यांनी कबूल केलं. पहिल्या दिवशी आजींनी त्यांना ओळखलंच नाही, ते नाराज होऊन परतले. तरी दुसऱ्या दिवशी गेले, कारण बहिणीने पिशवी घेऊन चपला घातलेल्या होत्या.

आता ते लायब्ररीतून जुनी मराठी पुस्तकं आणून आजींना वाचून दाखवतात. उशाशी शिफ्टसारखी लॉगबुक ठेवली आहे: औषध कधी दिलं, पाणी किती प्यायल्या, कूस कधी बदलली. निघताना बहिणीला ती वाचून दाखवूनच उठतात. घरी कुकरच्या शिट्ट्या अजून मोजतात, पण निदान चार दुपारी तरी पत्नीला घर मोकळं मिळतं.

परवा त्यांचा फोन आला, भेटीची वेळ बदलून हवी होती. बहीण भरूचला गेली होती, परतायला उशीर होणार होता.

"रिलिव्हर आलेला नाही ताई, निघता यायचं नाही."