तिथीची पाऊणपट

प्रिय मित्रा,

बातम्यांनी जीव घाबरा होतो आणि तरी बोट थांबत नाही, असं तू लिहिलंयस. फोन कमी वापर, हे घरच्यांनी सांगून झालंच असेल. मी तुला दुसरंच काम देतो. भिंतीवरच्या कालनिर्णयात आजची तिथी बघ, ओहोटीची वेळ काढ आणि त्या वेळी समुद्रावर जा.

तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की मुंबईच्या किनाऱ्याला पूर्ण भरती साधारण किती वाजता असेल ते निघतं. चतुर्थी असली तर चाराची पाऊणपट तीन. म्हणजे दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास भरती, आणि त्यानंतर सहा तासांनी, नऊला, ओहोटी. पौर्णिमेला आणि अमावास्येला पंधरा धरायचे, वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. हा ठोकताळा आहे, अर्धा-एक तास मागेपुढे होतो. भरती रोज सरासरी 50 मिनिटं उशिरा येते, हिशेबात 45 धरलेली असतात. तेवढी चूक पदरात घ्यायची.

समुद्राचं वेळापत्रक आपल्या सोयीने हलत नाही, म्हणूनच मी ते तुला सुचवतोय. ‘वेळ मिळाला की जाईन’ म्हटलं की तो वेळ फोनच खातो.

पहिल्यांदा पौर्णिमा किंवा अमावास्या धर. तेव्हा उधाण असतं, पाणी खूप चढतं तसंच खूप उतरतं, आणि संध्याकाळी पाच-सहाला ओहोटी मिळते. अष्टमीला भांगाची भरती असते, पाणी फारसं हलत नाही. त्या दिवशी गेलास तर म्हणशील, यात बघायचं काय!

जुहूला ओल्या वाळूवर बारीक गोळ्यांची नक्षी दिसेल. इवले खेकडे वाळू तोंडात घेतात, त्यातलं खाणं गाळून घेतात आणि उरलेल्या वाळूची गोळी करून बाजूला टाकतात. पावलांची चाहूल लागली की सगळे बिळात. दोन-तीन मिनिटं उकिडवा बसून राहा, सावली बिळांवर पडू देऊ नकोस, मग एकेक बाहेर येतो. इथे एक चूक हमखास होते: व्हिडिओ काढायला फोन बाहेर येतो, वर एखादा मेसेज दिसतो, आणि तू परत त्याच बातमीत. फोन पिशवीत तळाशी ठेव. पावसाळ्यात मात्र हा उद्योग नको. जुलै-ऑगस्टमध्ये निळ्या फुग्यांसारखे ब्ल्यू बॉटल वाळूवर येऊन पडतात, मेलेल्याचाही डंख बसतो. साडेचार मीटरहून उंच भरती असेल त्या दिवशी तर कठड्याच्या अलीकडेच थांब.

आता बातम्यांचं. दिवसातून दोनदा, वीस-वीस मिनिटं, बसून वाच, अंथरुणात नाही. व्हिडिओपेक्षा छापील पेपर बरा, कारण त्याला शेवटचं पान असतं. व्हिडिओ संपायच्या आत पुढचा सुरू होतो, आणि तोच प्रसंग पाच कोनांतून बघून माहिती काही वाढत नाही. बातम्यांच्या ॲपची नोटिफिकेशन बंद कर, पावसाचे आणि लोकलचे इशारे चालू राहू देत. सोसायटीचा आणि नातेवाइकांचा ग्रुप कायमचा म्यूट. कोणी रागावत नाही, कळतच नाही कोणाला. ‘जगात एवढं चाललंय आणि मी खेकडे बघतोय’ असं वाटेल. वाटू दे. ज्यासाठी जीव तुटतो त्याला पैसे किंवा वेळ देता येत असेल तर तो द्यावा. रात्री दोनपर्यंत स्क्रीनकडे बघून तिकडे काहीच पोचत नाही. आठवडे झाले तरी झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, तर मात्र माझ्या पत्रावर विसंबू नकोस. 14416 वर टेलिमानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, मोफत, दिवसरात्र, मराठीत बोलता येतं.

किनारा लांब पडत असेल तर मंडईतून समुद्रमेथी आण. वाळूत वाढवलेली, बोटभर उंचीची, पांढऱ्या मुळांसकट जुडीत येते ती. हिला चांगली वीस मिनिटं लागतात आणि दोन्ही हात ओले असतात, फोन घेताच येत नाही. मुळं कापून टाक. मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी घे, पानं बुडवून हलव, दोन मिनिटं थांब, मग पानं वरच्या वर हाताने उचल. सगळं एकदम चाळणीत ओतलंस तर तळाला बसलेली वाळू परत पानांवर येते, आणि मग पहिल्या घासालाच कचकच. पाणी बदलून चार-पाच वेळा हेच कर. तळाशी कण दिसेनासे झाले की झालं.

दोन चमचे तेलात पाच-सहा लसूण पाकळ्या ठेचून, लाल होईपर्यंत. एक सुकी मिरची. मेथी घातली की आच मोठी ठेव आणि झाकण अजिबात नको. वाफ कोंडली की पाणी सुटतं आणि हिरवा रंग जातो. मीठ शेवटी, आणि बेताने. पातेलंभर दिसणारी भाजी शिजून वाटीभर होते, तिथेच सगळे फसतात.

तुझा,
काका