1991 ची मियाटा आणि 600 डॉलरचा हप्ता

न्यू जर्सीच्या एका वाचकाचं पत्र आलंय. वय 41, आयटीत नोकरी, पगार वर्षाला 1 लाख 40 हजार डॉलर, घरी बायको आणि आठ वर्षांची मुलगी. हौसेने घेतलेली 1991 ची माझदा मियाटा आहे, 1.6 लिटर इंजिनवाली. थंड असताना नीट सुरू होते. तापली की आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन चालू) आरपीएम 500 ते 1,500 मध्ये खालीवर होतो आणि सिग्नलला क्लच दाबला की गाडी बंद. गॅरेजवाल्याने प्लग, वायरी, कॉइल आणि फ्युएल पंप बदलून 1,400 डॉलर घेतले, फरक काडीचा नाही. आता ईसीयू (इंजिनाचा संगणक) आणि चारही इंजेक्टर बदलायचे म्हणून तो 3,200 मागतोय. वाचकाचा प्रश्न: घर तारण ठेवून घेतलेल्या क्रेडिट लाइनमधून पैसे काढून दुरुस्ती करू, की 3,500 ला आहे तशी विकून टाकू? "पुढे क्लासिक म्हणून भाव येईलच," असंही त्यांनी लिहिलंय.

गाडीचं आधी सांगतो, कारण ते दुखणं स्वस्तातलं आहे. 3,200 देऊ नका. क्रेडिट लाइनला हात लावू नका. या गॅरेजवाल्याने एकदाही निदान केलेलं नाही, नुसते पार्ट बदललेत. 1991 च्या गाडीला दोष वाचणारा आजचा स्कॅनर जोडता येत नाही, ती सोय 1996 पासूनची, त्यामुळे अंदाजपंचे कारभार चाललाय.

या 1.6 इंजिनात आत जाणारी हवा एका झडपेच्या मीटरने मोजली जाते. त्या मीटरच्या पुढे कुठूनही हवा शिरली तर ती हिशेबात येत नाही, मिश्रण पातळ होतं आणि आयडलिंग बिघडतं. मीटरपासून थ्रॉटल बॉडीपर्यंत जाणारा वळ्यावळ्यांचा रबरी पाइप काढून हाताने वाकवून बघा. चीर बहुतेक वेळा खालच्या बाजूला, दोन वळ्यांच्या खाचेत असते. वरून पाइप धडधाकट दिसतो, वाकवला की चीर तोंड उघडते. ऑइलचं झाकण आणि डिपस्टिक घट्ट बसलेत का तेही पाहा, या इंजिनात तिथूनही न मोजलेली हवा जाते. मग कूलंट. आयडलची हवा सांभाळणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये मेणाचा एक भाग असतो, तो कूलंटच्या उष्णतेवर चालतो. कूलंट कमी असेल किंवा त्यात हवा अडकली असेल तर आरपीएम असाच हेलकावे खातो. व्हॉल्व्हवर काजळी असेल तर क्लीनरचा एक डबा पुरतो. हे सगळं झाल्यावरच बॉनेटखालच्या डायग्नोसिस बॉक्समधली 'TEN' आणि 'GND' (ग्राउंड) ही दोन टोकं जोडून टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) 10 अंशांवर आणि आयडल 850 च्या आसपास लावायचं. ती दोन टोकं न जोडताच टायमिंग लावणारा मेकॅनिक असेल तर दुसरा शोधा. जुन्या मियाटांवर काम करणाऱ्या माणसाकडून धुराची चाचणी (धूर सोडून गळती शोधणं) करून घ्या. सगळं धरून 400 डॉलर बाजूला ठेवा. ईसीयू कधी जातच नाही असं नाही, पण तो यादीत शेवटचा.

आता तुम्ही जे विचारलंच नाही ते.

पत्रात एक वाक्य सहज येऊन गेलंय: "401 के सध्या बंद ठेवलाय, त्याऐवजी महिन्याला 600 डॉलर आययूएल पॉलिसीत जातात." 401 के म्हणजे नोकरीतून चालणारी निवृत्तीची बचत योजना, आणि आययूएल म्हणजे बचत जोडलेला जीवन विमा, ज्याचं व्याज शेअर बाजाराच्या निर्देशांकावर (इंडेक्सवर) ठरतं. हे वाचून मला गाडीचा विसरच पडला. 401 के मध्ये तुम्ही घालाल तेवढेच डॉलर, पगाराच्या 4 टक्क्यांपर्यंत, तुमची कंपनी वरून घालते. म्हणजे वर्षाला 5,600 डॉलर फुकट, आणि तुम्ही ते अडीच वर्षं नाकारताय. 14,000 डॉलर गेले. ओळखीतल्या एजंटच्या भिडेखातर गेले, याचा मला राग येतो. नुसतं कंपनीचं हे योगदान 65 व्या वर्षापर्यंत 6 टक्क्यांनी वाढलं तरी पावणेतीन लाखांच्या वर जातं.

आणि बदल्यात काय मिळालं? 30 हप्ते, 18,000 भरले, आज सरेंडर व्हॅल्यू, म्हणजे पॉलिसी मोडली तर हातात येणारी रक्कम, 6,900. एजंटने कागदावर दरवर्षी 7 टक्के दाखवले. हा परतावा नाही, कल्पना आहे. बाजार 20 टक्के चढला तरी तुम्हाला कॅपपर्यंतच (पॉलिसीत ठरलेल्या कमाल दरापर्यंतच) मिळणार, आणि इंडेक्सचा लाभांश हिशेबातच नाही. "तोटा कधीच नाही" हेही अर्धसत्य. बाजार पडला की व्याज शून्य, पण विम्याचा खर्च आणि शुल्क त्याही वर्षी कापलं जातं, आणि विम्याचा खर्च वयाबरोबर वाढत जातो. म्हातारपणी "करमुक्त कर्ज" काढायचं म्हणे! ते कर्ज फुगून पॉलिसी लॅप्स झाली (बंद पडली) तर सगळा नफा एकदम करपात्र होतो. हे त्याने सांगितलं होतं का?

त्यात क्रेडिट कार्डावर 6,200 डॉलर, 24 टक्क्यांनी. वर्षाला 1,500 व्याजात जातायत.

क्रम नीट पाळा. 401 के मध्ये 4 टक्के आजच सुरू करा. महिन्याला 467 डॉलर कापले जातील, पण कर वाचत असल्याने हातात येणारा पगार साधारण 350 नेच कमी होईल. त्याच आठवड्यात 20 वर्षांच्या, 10 लाख डॉलरच्या टर्म विम्याचा (ठरावीक मुदतीचा, बचत नसलेला) अर्ज करा. तब्येत ठणठणीत असेल तर महिना 80-100 डॉलरच्या घरात पडेल. टर्म पॉलिसी मंजूर होऊन हातात आल्यावरच आययूएल सरेंडर करायची, त्याआधी एक दिवसही नाही. मुलगी आठ वर्षांची आहे, मध्ये घर विम्याविना राहायला नको. आलेल्या 6,900 मधून कार्ड साफ करा. भरल्यापेक्षा कमी मिळतंय, त्यामुळे त्यावर कर नाही. एजंट म्हणेल, "थोडं थांबा, सरेंडर चार्ज कमी होतोय." हा चार्ज म्हणजे पॉलिसी मोडण्याचा दंड. किती कमी होतोय ते लेखी मागा आणि त्याच्यासमोर वर्षाचा 7,200 चा हप्ता ठेवा. हप्ता थांबला की टर्म आणि 401 के भागवूनही महिना दीडशे उरतात. कार्ड फेडून उरलेले 700 आहेतच, गाडीचे 400 त्यातून. कर्ज कशाला?

क्लासिकचा भाव डोक्यातून काढून टाका. या पहिल्या पिढीच्या मियाटा चार लाखांहून जास्त बनल्या, त्या दुर्मीळ नाहीत. विमा, टायर, पार्किंग धरलं तर ही हौसच आहे, आणि हौस म्हणून ती ठेवायला माझी अजिबात हरकत नाही. विकायची असली तरी आधी दोष शोधा: आज 3,500, आणि चालत्या गाड्या तुमच्याच म्हणण्याप्रमाणे 8,000 ला जातात.

फक्त पैसे घालण्याआधी क्रँकशाफ्टच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या) पुढच्या पुलीवरच्या खाचा मोजा. आठ असतील तर निर्धास्त राहा. चार असतील तर ते सुरुवातीचं, आखूड नाकाचं क्रँकशाफ्ट, ते झिजण्यासाठी बदनाम आहे. इंजिन चालू असताना पुली डुगडुगत असेल तर 400 सुद्धा घालू नका. घेणाऱ्याला तो दोष स्पष्ट सांगा आणि मिळेल त्या भावाला विका.