एका बल्बचा आकडा वीसने गुणू नका

दोन प्रश्न विचारलेत तुम्ही: एलईडी बल्बचा उच्च वारंवारतेचा गोंगाट (आवाज नव्हे, विजेतली नको असलेली कंपनं) क्लॅम्प मीटरवर, म्हणजे वायरीभोवती अडकवून प्रवाह मोजणाऱ्या मीटरवर, का दिसत नाही, आणि एका बल्बचं माप मिळालं तर घरातल्या वीस बल्बांसाठी ते वीसने गुणायचं का?

साधा क्लॅम्प मीटर ५० हर्ट्झसाठी बनवलेला असतो. बल्बच्या ड्रायव्हरचं (एलईडीला वीज पुरवणाऱ्या आतल्या सर्किटचं) स्विचिंग बहुधा कित्येक दहा किलोहर्ट्झवर चालतं. २ ते १५० किलोहर्ट्झचा पट्टा (याला सुप्राहार्मोनिक्स म्हणतात) बघायचा तर सेकंदाला तीन लाखांहून जास्त नमुने लागतात. मी दहा लाखांच्या खाली जाणार नाही. शिवाय ८ बिटच्या ऑसिलोस्कोपवर (व्होल्टेजचा आलेख दाखवणारं यंत्र; २५६ पायऱ्या) ±४०० व्होल्टची रेंज लावली की एक पायरीच तीन व्होल्टची होते, आणि मिलिव्होल्टमधला गोंगाट त्याखाली गडप होतो. म्हणून आधी ५० हर्ट्झ अडवणारा हाय-पास फिल्टर हवा. प्रोब डिफरन्शियलच घ्या, म्हणजे अर्थला न जोडता दोन टोकांमधला फरक मोजणारा. साध्या प्रोबची अर्थ क्लिप मेन्सला लावलीत तर जिवावर बेतेल.

आता गुणाकार. तो करू नका. स्वीडनच्या लुलेओ विद्यापीठातल्या लार्सन आणि बोलेन यांनी २०१० मध्ये १ ते ४८ फ्लुरोसंट दिव्यांची मोजमापं मांडली. दिवे वाढले, पण ग्रिडकडे जाणारा या पट्ट्यातला प्रवाह त्या प्रमाणात वाढला नाही. कारण दिव्याच्या तोंडाशीच फिल्टरचा कपॅसिटर असतो. उच्च वारंवारतेला ग्रिडपेक्षा ती वाट सोपी, त्यामुळे एकाचा गोंगाट शेजारच्यात शिरतो. एलईडीलाही हेच लागू आहे. म्हणजे बल्बच्या वायरीवर दिसणारा प्रवाह सगळा त्याचाच असेल असं नाही. काही शेजाऱ्याकडून, काही चार्जरकडूनही आलेला असतो.

त्यामुळे उच्च वारंवारतेचे दोन करंट प्रोब लावा, एक बल्बच्या वायरीवर, दुसरा सगळ्या बल्बांना वीज नेणाऱ्या सामाईक वायरीवर (फीडरवर). मग एकेक बल्ब वाढवत दोन्ही आकडे नोंदवा. प्रयोगशाळेत लिस्न (LISN, पुरवठा आणि बल्ब यांच्यामध्ये लावायचं ठरावीक सर्किट) लावून इम्पिडन्स, म्हणजे ग्रिडचा प्रवाहाला होणारा अडथळा, ठरावीक ठेवतात. दोन बल्बांची तुलना करायला ते उत्तमच, पण तुमच्या घरचं वायरिंग त्यात येत नाही.

मला खटकते ती नियमांतली फट. आयईसी ६१०००-३-२ हे आंतरराष्ट्रीय मानक चाळिसाव्या हार्मोनिकपर्यंत (५० हर्ट्झच्या चाळीस पटीपर्यंत), म्हणजे २ किलोहर्ट्झपर्यंत बघतं. दिव्यांच्या गोंगाटाचं मानक सिस्पर १५ सुरू होतं ९ किलोहर्ट्झपासून. मधलं तुम्ही नक्की मोजा.

शेवटचं: थेट स्पेक्ट्रम (कोणत्या वारंवारतेला किती गोंगाट, याचा आलेख) काढू नका. व्होल्टेज शून्यातून जाताना काही दिव्यांत क्षणभर कंपनं उठतात, आणि २०० मिलिसेकंदांच्या सरासरीत ती विरून जातात. आधी २० मिलिसेकंदांचं एक आवर्तन उघडून बघा आणि तो स्क्रीनशॉट इथे टाका.