वाचकांचे प्रश्न: वेगवान इलेक्ट्रिक गाडी, तिचा पिकअप आणि घाटातली पकड

या महिन्यात आलेल्या बहुतेक प्रश्नांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. मोटरची ताकद आता कोणालाच कमी पडत नाही. प्रश्न आहे तो ती ताकद आणि दोन टनांहून अधिक वजन तळहाताएवढ्या चार जागांवर पेलणाऱ्या टायरचा.

प्रश्न (नाशिक): माझ्या दोन मोटरच्या सेडानचा शून्य ते शंभरचा आकडा माहितीपत्रकात ३.८ सेकंद दिला आहे. मोबाइलच्या ॲपवर सहा वेळा मोजला, तर ४.२ ते ४.७ आला. गाडीत दोष आहे का?

दोष नसण्याचीच शक्यता जास्त. आधी मोजमाप तपासू. ३.८ सेकंदांत शंभर म्हणजे दर सेकंदाला वेग ताशी २६ किलोमीटरने वाढतो. बहुतेक मोबाइलचा जीपीएस सेकंदाला एकदाच नोंद घेतो, त्यामुळे गाडी सुटल्याचा क्षण आणि शंभर गाठल्याचा क्षण, दोन्ही ॲप अंदाजानेच ठरवतं. सेकंदाला १० किंवा २५ नोंदी घेणारं वेगळं जीपीएस यंत्र वापरल्याशिवाय दशांशातल्या फरकावर विश्वास ठेवू नका.

कंपन्यांचे आकडेही एका पद्धतीचे नसतात. अमेरिकेत गाडी पहिला एक फूट सरकल्यावर घड्याळ सुरू करायची रीत आहे. तिथेच जवळपास पाव सेकंद वाचतो. टेस्ला मॉडेल एस प्लेडचा १.९९ सेकंदांचा गाजलेला आकडा असाच पहिला फूट वगळून दिलेला आहे, आणि तोही शून्य ते ६० मैलांचा, म्हणजे ताशी ९६.६ किलोमीटरपर्यंतचा.

आता गाडीकडे येऊ. २,२०० किलोची गाडी शंभरपर्यंत न्यायला पाव युनिटहूनही कमी वीज लागते. पण ती चार सेकंदांच्या आत, म्हणजे सरासरी २२० किलोवॅटच्या दराने ओढली जाते. त्या क्षणी बॅटरीचा अंतर्गत रोध महत्त्वाचा ठरतो. बॅटरी गार असेल तर रोध वाढतो, व्होल्टेज खाली बसतं आणि कंट्रोलर मोटरला पूर्ण करंट देत नाही. एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेटच्या सेलमध्ये हे अधिक जाणवतं. नाशिकमध्ये डिसेंबरच्या पहाटे घेतलेली चाचणी आणि दुपारी अर्धा तास चालवून घेतलेली चाचणी एकसारखी येणारच नाही. चार्ज २० टक्क्यांच्या आसपास आला की अनेक गाड्या स्वतःहून ताकद कमी करतात.

पुन्हा मोजायचंच असेल तर चार्ज ७० ते ९० टक्के ठेवा आणि आधी अर्धा तास गाडी चालवा. हवा दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे टायर थंड असताना भरा. सर्वांत ताकदीचा मोड निवडा आणि गाडीत एकटे बसा, कारण सोबतच्या दोन माणसांचं दीडशे किलो वजन पाव सेकंदापर्यंत खाऊ शकतं. दोन्ही दिशांना मोजून सरासरी काढली की चढ-उतार वजा होतो. दोन प्रयत्नांमध्ये पाच मिनिटं जाऊ द्या. चौथ्या-पाचव्या प्रयत्नाला आकडा घसरू लागला तर ती उष्णता आहे, बिघाड नव्हे. आणि हे सगळं बंद ट्रॅकवर करायचं: कोइम्बतूरचा करी मोटर स्पीडवे, चेन्नईजवळचं मद्रास इंटरनॅशनल सर्किट, ग्रेटर नोएडाचं बुद्ध इंटरनॅशनल सर्किट. समृद्धी महामार्ग मोकळा दिसला म्हणून तो ट्रॅक होत नाही.

प्रश्न (कोल्हापूर): सिग्नलवरून सुटताना पाठ सीटला चिकटते, पण १२०च्या पुढे तो जोर राहत नाही. असं का?

सुरुवातीला मोटर पूर्ण टॉर्क, म्हणजे चाक फिरवण्याचा जोर, देते. फिरण्याचा वेग एका ठरावीक मर्यादेपुढे गेला की तिच्यात उलटं व्होल्टेज इतकं तयार होतं की बॅटरीला आणखी करंट ढकलता येत नाही. तिथून पुढे किलोवॅट तेवढेच राहतात, टॉर्क मात्र उतरत जातो. किलोवॅट तेवढेच असतील तर वेग दुप्पट झाल्यावर चाकावरचा रेटा निम्मा होतो, आणि हवेचा विरोध चौपट. पोर्शेने टायकानच्या मागच्या मोटरला दोन गिअर दिले ते याचसाठी. पहिला सुटताना, दुसरा वरच्या वेगात. बाकी बहुतेक कंपन्या एकाच गिअरवर भागवतात, कारण गिअरबॉक्सचं वजन आणि खर्च वाढतो.

प्रश्न (चिपळूण): माझी एसयूव्ही मागच्या चाकांवर चालते. पावसात कुंभार्ली घाटात वळणावर पाय नुसता उचलला, ब्रेक लावला नव्हता, तरी मागचा भाग सरकला. कारण काय?

पाय उचलणं हाच ब्रेक होता, आणि तोही फक्त मागच्या चाकांना. रीजन म्हणजे मोटर उलटी वापरून गाडी रोखणं. मोटर मागे असेल तर ती ओढ सगळी मागच्या दोन टायरवर येते.

हिशेब करून पाहा. गाडी दोन टनांची, वजन पुढेमागे निम्मंनिम्मं. रीजनने ०.२ जी एवढा वेग मोडला, म्हणजे गाडीच्या वजनाच्या ०.२ पट, ४०० किलोची ओढ. त्याच वेळी ८०-९० किलो वजन पुढच्या चाकांवर झुकतं, मागे राहतं साधारण ९१५. म्हणजे मागच्या टायरची, त्यांच्यावरच्या वजनाच्या प्रमाणात, सुमारे ०.४४ पकड नुसती गाडी रोखण्यात संपली. ओल्या डांबरावर एकूण पकड ०.५ ते ०.६ असते, पहिल्या पावसात तेल-धूळ वर आलेली असताना आणखी कमी. वळणासाठी उरलं काय? ब्रेक पेडल दाबलं असतं तर हाच भार चार टायरवर वाटला गेला असता. ईएसपी, म्हणजे गाडी घसरू न देणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा, घसरण ओळखून रीजन तोडते, पण घसरण सुरू झाल्यानंतरच.

उपाय सोपा आहे, फक्त सवय लागते. पावसात रीजन सर्वांत खालच्या पातळीवर ठेवा, वन-पेडल मोड (पाय उचलताच गाडी जोरात रोखणारा) बंद करा. वेग वळणाआधी, स्टिअरिंग सरळ असताना, ब्रेक पेडलने कमी करा. वळणात ॲक्सिलरेटर अगदी हलका दाबलेला राहू द्या, पॉवर मीटरचा (वेगाच्या नव्हे) काटा शून्याच्या किंचित वर दिसेल इतकाच. पाय काढायचा झाला तर एक-दोन सेकंद घेऊन काढा. आणि मागचं सरकलंच, तर पाय झटकन उचलू नका, त्याने ओढ आणखी वाढते. काटा शून्यावर आणा, नजर जायचंय तिकडे, स्टिअरिंग सरकण्याच्या दिशेने थोडंसंच. टायरची नक्षी ३ मिलिमीटरवर आली की जूनआधी टायर बदला. कायद्याची मर्यादा १.६ मिलिमीटर आहे, पण कोकणातल्या पावसाला ती पुरत नाही.

प्रश्न (सातारा): महाबळेश्वरला रात्रभर चार्ज करून १०० टक्क्यांवर आंबेनळी घाट उतरलो. एरवी पाय उचलला की गाडी हळू होते, त्या दिवशी होईना. खाली ब्रेकचा वास आला.

भरलेल्या बॅटरीत परत आलेली वीज ठेवायला जागा नसते, म्हणून गाडी रीजन बंद करते किंवा अगदी कमी करते. पोलादपूरपर्यंत बाराशे मीटरहून जास्त उतार आहे. २,२०० किलोच्या गाडीची एवढ्या उंचीतली ऊर्जा सात युनिटच्या वर भरते. त्यातला काही भाग टायर आणि हवा खातात, उरलेली सगळी तुमच्या डिस्कमध्ये उष्णता होऊन गेली. पुढच्या वेळी वर चार्जिंगची मर्यादा ८५ टक्के लावा. वास येऊन गेला आहे, तर पॅड आणि ब्रेक ऑइल एकदा तपासून घ्या.

प्रश्न (पुणे): बीवायडी सील परफॉर्मन्स ५३० पीएसची (पीएस म्हणजे साधारण हॉर्सपॉवर), महिंद्रा बीई ६ची मोठ्या बॅटरीची गाडी २८६ पीएसची. घाटात एवढा फरक जाणवेल का?

वळणाच्या आत नाही, वळण संपल्यावर जाणवेल. वळणातला वेग टायर, वजन आणि सस्पेन्शन ठरवतात. बॅटरी तळाशी असल्याने या गाड्या कमी कलंडतात, म्हणून चालकाला त्या हलक्या वाटतात. वजन मात्र कुठेही जात नाही. दिशा बदलताना, खास करून एसच्या आकाराच्या वळणात, दोन टन एका बाजूवरून दुसरीकडे न्यावे लागतात, तेव्हा ते समजतं. सीलमध्ये दोन्ही ॲक्सलवर मोटर असल्याने ओल्यात सुटताना जोर चार चाकांत वाटला जातो. बीई ६ मागच्या चाकांची आहे, पुढची चाकं फक्त वळवायचं काम करतात, त्यामुळे कोरड्या रस्त्यावर स्टिअरिंग मोकळं वाटतं. आमचं मत विचाराल तर रोजच्या घाटासाठी २८६ पीएस पुरेसे आहेत. वाचलेले पैसे चांगल्या टायरवर घाला.

प्रश्न (ठाणे): टायर १८,००० किलोमीटरमध्येच गेले. नवे घेताना काय पाहू?

आधी भारांक. टायरवर मापानंतर येणारा आकडा ९५ असेल तर टायर ६९० किलो पेलतो, ९९ असेल तर ७७५. मूळ टायरपेक्षा खालचा भारांक स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका. बाजू मऊ पडते, स्टिअरिंग उशिरा ऐकतं, टायर तापतो. हवा नेहमी थंड टायरमध्ये भरा. तापमान १० अंश वाढलं की दाब साधारण दीड पीएसआय वाढतो, त्यामुळे दुपारी हायवेवर वाढलेला दिसला म्हणून हवा सोडू नका.

झीज कुठे आहे तेही पाहा. आतली कड गेली असेल तर अलाइनमेंट, दोन्ही कडा गेल्या असतील तर हवा कमी, मागचे मधोमध गेले असतील तर हवा जास्त किंवा सिग्नलवरचा जोर. दर ८,००० किलोमीटरला पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे लावा. मापं वेगळी असतील तर ते जमत नाही. काही इलेक्ट्रिक गाड्यांच्या टायरमध्ये आवाज कमी करायला फोम चिकटवलेला असतो. पंक्चर काढणाऱ्याला हे आधीच सांगा. पॅचच्या जागेचा फोम खरवडून काढला नाही तर पॅच धरत नाही, आणि काढल्यावर चाकाचं बॅलन्सिंग पुन्हा करावं लागतं.