शिबिरात सगळ्या रडल्या, मला रडूच आलं नाही

दहावी-बारावीचे पेपर संपले की सांगली-मिरजेतल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चमध्ये, तरुणांच्या शिबिरांची धावपळ सुरू होते. त्याच सुमारास माझ्याकडे एक ठरावीक काळजी येते. या वेळी ती घेऊन आली अकरावी संपवून बारावीत गेलेली, 17 वर्षांची एक मुलगी. (दोघींना विचारून लिहिते आहे, ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.)

आई मिरजेत परिचारिका. तीन दिवसांचं शिबीर पाचगणीला, पैसे भरून झालेले, आणि ऐनवेळी मुलगी म्हणते मी येत नाही. "हिला चर्चच नको झालंय का काय, कळंना मला," आई म्हणाली. मी आईला बाहेर चहा घ्यायला पाठवलं.

मुलगी बराच वेळ ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मग एकदम म्हणाली, "मॅडम, गेल्या वर्षी शेवटच्या रात्री सगळ्या रडल्या. मीच नाही." दिवे मंद केलेले, गीत चाललेलं, कुणीतरी तिच्या डोक्यावर हात ठेवून मोठ्यानं प्रार्थना करत होतं. शेजारची मैत्रीण हुंदके देत होती. आणि हिच्या मनात काय? उद्या बसमध्ये खिडकीची जागा मिळेल का! शेवटी तिनं तोंड ओढणीत घातलं आणि रडल्यासारखं केलं. तेव्हापासून एकच घोर: माझा विश्वास खोटा आहे, मी ढोंगी आहे.

मी तिला धीर देण्याआधी त्या रात्रीचा हिशेब मांडायला लावला. आदल्या रात्री किती झोपलात? खोलीत गप्पा, दोनेक तास. सकाळी सहाला शांत वेळ, म्हणजे ज्यानं त्यानं एकट्यानं बायबल वाचन आणि प्रार्थना. दुपारी टेबललँडवर खेळ. मग जेवण, संदेश म्हणजे प्रवचन, आणि दहानंतर ती प्रार्थना. दमलेलं शरीर, एका सुरात गाणारी साठ-सत्तर मुलं, अंधार, शेजारी रडणारं माणूस. अशा वेळी अनेकांना भरून येतं, काहींना येत नाही. हा स्वभावाचा भाग आहे. रडणाऱ्यांचं रडणं खोटं असतं असं मी म्हणत नाही. कुणाचं आजीचं दुःख वर येतं, कुणाला खरोखर देवाचा स्पर्श जाणवतो. पण डोळ्यांतलं पाणी मोजून विश्वास मोजता येत नाही.

मी मंडळीतच वाढले, त्यामुळे तिला तिच्याच शास्त्रातलं सांगू शकले. बायबलमधला संदेष्टा एलीया डोंगरावर उभा असतो तेव्हा वारा येतो, भूकंप येतो, अग्नी येतो, आणि परमेश्वर त्यांपैकी कशातच नसतो. येशूनं तर प्रार्थनेला खोलीत जाऊन दार लावून घ्यायला सांगितलं. ती जरा हसली. "आमच्यात तर माइक देतात हातात," म्हणाली.

माइकची भीती पुष्कळांना असते. साक्ष द्यायला, म्हणजे आपला विश्वासाचा अनुभव सगळ्यांसमोर सांगायला, कुणी उभं केलं तर "आज नको" म्हणता येतं, आणि शिबिराचा चांगला पुढारी ते ऐकतो. गटचर्चेतही ऐकत बसलं तरी चालतं. शिबीर कुणाचं आहे हे मात्र आधी विचारून घ्यावं. जुन्या वळणाच्या मंडळीत गीतं, संदेश, बायबल अभ्यास, नाटुकली असा बेत असतो. पेंटेकॉस्टल मंडळीत मोठ्यानं प्रार्थना, हात ठेवणं, अन्य भाषांत बोलणं (प्रार्थनेत न कळणारे शब्द उच्चारणं) हे नेहमीचं. कॅथलिकांच्या रिट्रीटमध्ये, म्हणजे प्रार्थना-शिबिरात, मौन असू शकतं, पापकबुली असते ती फादरसमोर एकट्यानं. पहिल्यांदा जाणाऱ्याला हे ठाऊक नसेल तर तो बिचकणारच. हिंदू मैत्रिणीला सोबत नेणाऱ्या मुलीही मला विचारतात. तिच्या घरच्यांना शिबिरात काय असतं ते स्पष्ट सांगून न्यावं, आणि तिथं तिच्यावर कशाचीही जबरदस्ती नको. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये साताऱ्यात 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघंही होते. आपल्याकडे हे नवीन नाही.

दोन बाबतींत मी कडक आहे. फिट्स, नैराश्य, कशाचीही गोळी चालू असेल तर ती शिबिरातही वेळेवर घ्यायची. "प्रार्थना झाली, आता गोळी सोड" असं कुणी म्हटलं तर ऐकायचं नाही. दुसरं, "इथलं इथंच राहील" असं गटात कितीही सांगितलं तरी पंधरा-वीस पोरांच्या पोटात गुपित राहत नाही. घरातलं भांडण, प्रेमप्रकरण, जे काही असेल ते विश्वासाच्या एका मोठ्या माणसाशी बोलावं. आणि 18 खालच्या मुलाशी लैंगिक गैरप्रकार झाल्याचं कळलं, तर ते पोटात ठेवण्याची मुभा पुढाऱ्यालाही नाही. 2012 च्या पॉक्सो कायद्यानं कळवणं बंधनकारक आहे. मुलांसाठी 1098 हा मदतीचा नंबर आहेच.

तिनं माझ्यासमोरच तरुण संघाच्या ताईला मेसेज टाकला: मला डोक्यावर हात ठेवून प्रार्थना नको, आणि रात्री बाहेर जाऊन बसले तर चालेल का. पाच मिनिटांत उत्तर आलं, "चालेल गं, पण एकटी नको, मला सांगून जा."

ती गेली. पसरणीच्या घाटात उलटी झाली, रात्रीची आमटी पाण्यासारखी होती, कराडची एक मैत्रीण मिळाली आणि संदेशांपैकी एक बरा वाटला, एवढा अहवाल मला मिळाला. रडू यंदाही आलं नाही. आईचा फोन आला: "मॅडम, काही फरक पडला का हो हिच्यात?" शिबिराहून आलेली मुलं चार दिवस एकतर हवेत असतात नाहीतर अगदी गळून जातात, कॉलेज आणि भांडी-धुणं सगळंच नकोसं वाटतं. मी म्हटलं, आठवडाभर तिला काही विचारू नका, आधी झोपू द्या.